चौथ्या फोटोतला माणूस

अंजनी : ह्यांच्या फोटोला चंदनाचा हार घातलाय, त्याची गाठ मी कायम डावीकडं ठेवते. कालपासनं उजवीकडं दिसतीया. फोटो कुणी उतरवलता रं?

नागराज : वाऱ्यानं फिरला असंल, आक्का.

अंजनी : हितं माग होते तवा सूत तुटतंय म्हणून खिडकी बंद केल्याली, ती अजून उघडली न्हाय. वारा कुठनं आला?

नागराज : ते ऱ्हाऊ दे. तू आधी ह्या कागदावर सही कर. ही वडगावची शेड तुझ्या नावावर हाय, सही तुझीच लागती.

अंजनी : कसला कागद?

नागराज : चीनच्या कंपनीचा. त्यांचं आन् अमेरिकेचं वाजलंय. आपण स्कूटरच्या मोटारीत घालतो ती चुंबकं आता ते सहज कुणाला देत न्हाईत. कशाला पायजेत, मोटारी कुणाला इकणार, सगळं लिहून द्या म्हणत्यात. आन् त्यातलं काय बी मिलिटरीकडं जाणार न्हाय, ह्याची हमी.

अंजनी : गिऱ्हाइकांची नावं बी?

नागराज : पत्त्यासकट.

अंजनी : म्हंजे उद्या तेच त्यांच्या दारात जाऊन मोटारी इकणार. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायला निघालास.

नागराज : मला काय कळत न्हाय व्हय? पण डब्यात आठ दिवसाची चुंबकं उरल्यात. पुढं शालूबाई, मालूबाई, समद्यास्नी काय सांगू? मागाच्या कांड्या भरायच्या बाया त्या, तूच त्यास्नी मोटारीची तार गुंडाळायला शिकवलीस.

अंजनी : आन् फोटोचं सांग की. पैल्यांदा दारावरच्या पाटीवरनं ह्यांचं नाव गेलं. आता भिंतीवरनं निघालंय. मेहुण्यानं दाजीची शेड गिळायला काढलीया, असं गल्लीत बोलत्यात. मी आजवर कान दिला न्हवता.

नागराज : तुला बी तसंच वाटतंय?

अंजनी : मला काय वाटायचंय. मी गाठ कुठं हाय तेवढं बघते.

नागराज : (फोटोकडे पाठ करून) खरं सांगतो. म्हैन्यामागं त्यांनी शेडचे फोटो मागितलते. मी सकाळी तू दिवा लावून गेल्यावर काढून धाडलं. चौथ्या फोटोत दाजी आलं. मिलिटरीच्या ड्रेसवर, पदकं लावून. तिकडनं इचारलं, हा सैनिक कोण?

अंजनी : मग सांगायचं की.

नागराज : भ्यालो. परवा दाजीस्नी उतरवलं, परत फोटो काढलं आन् धाडून दिलं.

अंजनी : उतरवून कुठं ठेवलतंस?

नागराज : तारेच्या रिळांमागं. पंधरा मिनटं.

अंजनी : पालथं?

नागराज : व्हय.

अंजनी : पुढं बोल.

नागराज : काल त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून इचारलंय, आधीचा सैनिक कुठं गेला? आता त्यास्नी वाटतंय आपल्या शेडमधी मिलिटरीचंच काम चालतंय. त्यात मिलिटरीचा कॅम्प आपल्या जवळ. नकाशात ते बी दिसतंय त्यास्नी.

अंजनी : संशयाला जागा तूच दिलीस. त्यास्नी बी आन् मला बी.

नागराज : चुकलं, आक्का. पाटीचं मात्र खरंच रंगाऱ्याकडनं ऱ्हायलं. उद्या लिहून घेतो.

अंजनी : उद्या न्हाय, आज. आण तो कागद. इंग्रजीत हाय, तूच वाच.

नागराज : फोटोतल्या माणसाचं नाव.

अंजनी : ते तू लिही. मी नाव घेत न्हाय.

नागराज : सुबराव, लिहिलं. हुद्दा, हवालदार. गिऱ्हाइकांची नावं काय करू?

अंजनी : दे. बायांच्या हाताला काम ऱ्हायलं पायजे. पण आता एक बी खोटं लिहू नगंस.

नागराज : न्हाय लिहीत. शेवटचं एक हाय. सध्या नेमणूक कुठं?

अंजनी : म्हंजे?

नागराज : दाजींची ड्युटी आता कुठं हाय, ते. चार वर्सं झाली दाजी जाऊन, त्यास्नी कुठं ठावं? मोकळंच सोडतो.

अंजनी : मोकळं सोडलंस तर परत इचारतील. लिही, वडगाव. शेडची दक्षिणेची भिंत.