पाणवठा वगळून

प्राण्यांच्या दवाखान्यात कासवाचा डबा मांडीवर घेऊन आजी डोळे मिटून बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या जोडप्याकडे टवकारलेले. नवरा हरणांचा अभ्यासक, बायको वैतागलेली, मधल्या खुर्चीवर मांजराची पेटी.

“म्हणजे त्या दोघी हरिणी जिवलग मैत्रिणी नाहीतच? दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस!”

“सोबत दिसायच्या गं, पण पाणवठ्यावरच. कोण कधी दिसली याच्या सगळ्या नोंदी संगणकावर पत्त्यांसारख्या हजारदा पिसून पाहिल्या. तिथे नुसत्या योगायोगानेही कुठल्याही दोघी तितक्याच वेळा सोबत येतात.”

“वा! तहान सगळ्यांनाच लागते, हे कळायला एवढं पिसावं लागलं?”

“लागलं. पाणवठा सोडूनही भेटल्या असत्या, तर ती खरी सोबत.”

“मग आपलंही तेच. जेवायचं टेबल वगळलं तर आपण कुठे सोबत दिसतो?”

“आत्ता बसलोय की.”

“मांजर आजारी आहे म्हणून.”

ती उठली आणि लांब खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. जरा वेळाने तोही तिच्या शेजारी येऊन टेकला.

“पेटी कुठंय?”

“तिकडेच. आजी बघतायत.”

आजींनी घाईघाईने डोळे मिटले.

“एकदा दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही हं.”

“मग बदल परत खुर्ची.”