अठ्ठावन्न साफी

जारा? छातीवरच्या बिल्ल्यावर जाराच लिहिलंय ना? मग असा परक्यासारखा उभा काय राहिलास, बस की! मी त्राओरे आहे — हां, हसलास! हसावंच लागणार. त्राओरे कुळातल्यानं टोचलं तर जारा कुळातल्यानं रागवायचं नसतं, ही रीत तुझ्या त्या नियमांच्या फायलीपेक्षा फार जुनी आहे. चवळीखाऊ जारांना सरकारनं नोकरी दिली आणि वर गाडीपण? या अल्ला! तुझा पणजोबा आमच्याकडे गाढवं राखायचा, पण त्यातल्या एकावरही आम्ही त्याला कधी बसू दिलं नाही. घे, शेंगदाणे घे. चवळी संपलीय, नाहीतर तीच दिली असती.

हो, साफी त्राओरे मीच, कोलोबुगूची. दुकान माझंच — सिमकार्डं विकते, फोन चार्ज करून देते, अंगाला लावायचं शियाच्या बियांचं लोणी ठेवते. दाखव बघू तुझी यादी. किती म्हणालास? अठ्ठावन्न नंबर माझ्या नावावर? छे छे, काहीतरी चुकतंय तुमचं — बरं, नाही चुकत. अठ्ठावन्नच आहेत. अरे, ऐकून तर घे. टेकाडावर तो टॉवर उभा राहिला ना, तेव्हा गावात सगळ्यांना एकदमच फोन हवे झाले. त्याआधी रेंज कुठे मिळायची माहितीय? वारुळावर चढलं तर. म्हाताऱ्या बायकासुद्धा चढायच्या. तर कंपनीचा माणूस आला, म्हणाला, ओळखपत्र दाखवा. आता ओळखपत्र आख्ख्या गावात कुणाकडे? माझ्याकडे! निवडणुकीत मतपेटीपाशी बसले होते ना मी, तेव्हाचं. त्या माणसालाही उन्हात किती वेळ बसायचं होतं — तो म्हणाला, चालतंय. झालं! लोहार — साफी त्राओरे. सुईण — साफी त्राओरे. इमामसाहेब — साफी त्राओरे. सरकारदरबारी मी एकटीच अठ्ठावन्न तोंडांनी बोलते, आणि खरं सांगू का, ब्रेहिमाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यात काहीच नवल वाटत नाही.

हस, हस. अजून ऐक. माझा जन्म कधीचा कुणाला ठाऊक? कार्डावर अंदाजानं एक जानेवारी टाकलीय. तर दर एक जानेवारीला कंपनी या अठ्ठावन्न फोनांवर फ्रेंचमध्ये निरोप धाडते — ‘प्रिय साफी, वाढदिवसाच्या शुभेच्छा!’ इमामसाहेबांना फ्रेंच वाचता येतं, बिचारे वाचतात आणि फोन खिशात ठेवून देतात. लोहार मात्र मुद्दाम दुकानात येऊन विचारतो, काय साफीबाई, यंदा आपण किती वर्षांच्या झालो?

मग आता काय करणार तू? नंबर कापणार? माणशी तीनच — असा नियम आलाय? आणि बाकीचे सोमवारी बंद. बरं. शनिवारी ओळखपत्रांची गाडी येणार इथे, ज्यानं त्यानं आपापल्या नावावर करून घ्यायचं? मग काय हरकत आहे, करतील की. इमामसाहेब तर नाचतील. माझे तीन तेवढे आत्ताच सांगू? लिही. पहिला हा दुकानाचा. दुसरा ब्रेहिमाचा, त्याला शनिवारी रांगेत उभं केलं तर तो उभ्याउभ्याच झोपेल. आणि तिसरा — हा बघ, खालून चौथा. शेवटी चौऱ्याहत्तर आहे तो.

कुणाचा म्हणजे? आहे एकीचा. बरं बाबा, सवतीचा. न्येले नाव तिचं. तिकडे राजधानीत, बामाकोत असते. हो, ठाऊक आहे मला, तिथेपण करून घेता येईल तिला. पण तिला सांगणार कोण? सोमवारी फोन बंद पडला की तिला काय वाटेल? साफीनं कापला. शेवटी एवढंही ठेवलं नाही साफीनं. ते मला नकोय. बाकी सत्तावन्न खुशाल काप, अगदी दुकानाचासुद्धा — पण हा राहू दे.

भांडण? कुठल्या घरात नसतं? भेंडीच्या रश्शात मीठ जास्त पडलं, त्यावरून वाजलं आमचं. नाही, मिठावरून कुणी सहा वर्षं घर सोडून जात नाही, एवढं तुला कळतं तर मग विचारतोस कशाला? घरात तेव्हा फोन एकच. बायका दोन, फोन एक. दोन दिवस हिचे, दोन दिवस तिचे — जिची चूल तिचाच नवरा, तिचाच फोन. अशी पाळीच लावली होती ब्रेहिमानं, मोठा न्यायाधीश! तर माझ्या पाळीत फोन आला, तिच्या माहेराहून, बुगुनीहून, तिच्या भावाचा. आई आजारी आहे, न्येलेला लगेच पाठवा. आणि आमचं तर सकाळीच मिठावरून झालेलं. मी म्हटलं, उद्या फोन तिच्याकडे जाईल तेव्हा सांगू, घाई काय आहे. मला काय ठाऊक म्हातारी एवढी — ठाऊक होतं रे. भाऊ रडत होता फोनवर. दुसऱ्या दिवशी फोन न्येलेच्या हातात दिला, मी तोंड उघडणार एवढ्यात तो वाजला. आई गेल्याचाच निरोप. आणि भावानं तिला सांगितलंच, काल साफीला कळवलं होतं म्हणून.

हे मी ब्रेहिमालासुद्धा धड सांगितलेलं नाही, आणि तुझ्यासारख्या जारापुढे बसून — असो. ती निघाली त्या दिवशी मी एक सिम माझ्या नावावर काढलं आणि तिच्या गाठोड्यात, कंगव्याच्या पिशवीत खोचलं. म्हटलं, आता हिचे निरोप माझ्या हातून यायला नकोत. तोंडानं मात्र काही बोलता आलं नाही मला, मला! महिन्याच्या महिन्याला थोडे पैसे भरते त्यात, कारण नंबर पडून राहिला की कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते. ती वापरते की पिशवीतच पडलंय, काय माहीत. मी कधी लावून बघितला नाही. लावून बोलायचं काय?

ए, काय करतोयस? कुणाला लावतोस? वापरात असल्याची खात्री केल्याशिवाय लिहिता येत नाही? अरे पण आत्ता कशाला — माझा लाव, हा बघ, वाजतोय की. ब्रेहिमाचा लाव. तो चौऱ्याहत्तरवाला नको. जारा, मी त्राओरे आहे, मला नाही म्हणायचं नसतं तुला — ठेव तो खाली. ठेव म्हणते ना —

वाजतोय.

तू काही बोलू नकोस. गप्प बस. तिचाच आवाज आहे. ‘कोण’ म्हणतेय. परत विचारतेय, ‘कोण?’ आण तो इकडे माझ्याकडे — तळहातानं दाबून धरलाय मी, तिला ऐकू जात नाही. वापरात आहे असं लिही तुझ्या कागदावर. लिहिलंस? आता ऊठ. नंतर काय विचारायचं ते विचार, आत्ता बाहेर जा. जा ना रे. आणि दार लोटून घे.