ताईने लावलेली बटणे

मी, खाली सही करणारी, वय ६३, निवृत्त संगीत शिक्षिका, राहणार मयत थोरल्या बहिणीच्या घरी, वरचा मजला. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी आणि माझा भाचा, म्हणजे बहिणीचा मुलगा, असे दोघे राहतो. ताई मागच्या हिवाळ्यात वारली. वरच्या खोलीत खिडकीखाली गिटारचा एक कॉम्बो अ‍ॅम्प आहे. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत असतात, त्याला कॉम्बो म्हणतात. तो ताईने व मी मिळून घेतला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हा दोघींना एकाच गिटारवर शिकवले होते. दुकानात ताई माझ्याकडे पाठ करून बसली आणि तीन अ‍ॅम्पवर मला एकच तुकडा वाजवायला लावला. तिने कानाने निवडलेला अ‍ॅम्प सगळ्यांत स्वस्त निघाला. दुकानदाराचे तोंड उतरले. हळू वाजवला तरी त्याचा आवाज घुसमटत नसे, आणि रविवारी शेजारचे दातांचे डॉक्टर ड्रम बडवायला आले तरी आमच्या दोन्ही गिटारी ऐकू येत.

आवाज मनासारखा लागेपर्यंत ताई कित्येक आठवडे बटणे फिरवत होती. त्यानंतर तिने कोणाला हात लावू दिला नाही. मला म्हणे, "वाजव पाहिजे तितकं. बटणं माझी." ती गेल्यापासून मी अ‍ॅम्प भिंतीवरच्या स्विचनेच चालू-बंद करते. धूळ ब्रशने काढते. बटणे कुठल्या आकड्यावर आहेत ते लिहून ठेवले नव्हते. गरज वाटली नाही.

आज दुपारी मी भाजी घेऊन परतले. जिन्यात असताना वरून गिटार ऐकू आली. आवाज ताईचा होता, म्हणजे तिने लावलेला. लगेच वर का गेला नाहीत, असे साहेबांनी विचारले. मी पिशवी पायरीवर ठेवून ऐकत उभी राहिले. थोड्या वेळाने आवाज बदलला. तेव्हा वर गेले.

खोलीत भाचा आणि एक अनोळखी इसम होता. इसमाकडे स्वतःची गिटार होती. भाच्याने अ‍ॅम्प विकायला काढल्याचे मला तेव्हा कळले. सदर इसम एकेक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहत होता. मला म्हणाला, "काकू, घरी प्रॅक्टिसला बरा आहे. ड्रमबरोबर जॅमिंगला दम नाही." मी म्हटले, "दम पेटीत नसतो, बोटांत असतो." भाचा हसला. म्हणाला, "मावशी, डबा आहे तो. आई गेली, आता कोणाला ऐकवायचंय?" मी त्याला म्हटले, "माय मरो, मावशी जगो म्हणतात. जगू तरी दे."

मी भिंतीवरचा स्विच बंद केला. बटणे होती तशी करून द्या, असे सदर इसमाला सांगितले. आधी कुठे होती ते पाहिलेच नाही, असे तो म्हणाला. म्हणून त्याची गिटार घेऊन मी कपाटात ठेवली व कुलूप लावले. झटापट झाली नाही. गिटारीला ओरखडा नाही. ती मी माझ्या शालीत गुंडाळली आहे. सदर इसमाने तक्रार दिली, म्हणून मी ठाण्यात आले.

अ‍ॅम्प जागेवर आहे, सौदा झाला नाही, मग मावशीचं गेलं काय, असे भाचा बाहेर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आहे. मी किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे. ज्याची गिटार त्याने न्यावी. भाच्याने पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकू नये, असे लिहून घ्या म्हटले. असे जबाबात लिहीत नाहीत, असे मला सांगण्यात आले. तरी लिहावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी 'नुकसान : निरंक' असे लिहिले आहे. तेवढी ओळ मला मान्य नाही. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.