भरत आलेली जखम

सिस्टर : माझी पट्टी एवढी सुंदर नसते, काका.

कंपाउंडर : म्हणजे?

सिस्टर : म्हणजे ही मी बांधलेली नाही. शुक्रवारी मी घाईत गुंडाळली होती, टोकाला चिकटपट्टी लावून. ही बघा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर सारखाच चढलाय, घोट्याशी आठाचा आकडा काढलाय, आणि टोक असं आत खोचलंय की मला शोधावं लागलं.

कंपाउंडर : सैल झाली होती. आंघोळीला सोडली, परत बांधली.

सिस्टर : आणि बांधताना हात आवरला नाही.

कंपाउंडर : चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो, सिस्टर. डॉक्टर नाडी बघायचे, बाकी सगळं मी. आता वेडीवाकडी बांधा म्हणालात तरी या हातांना जमायचं नाही ते.

सिस्टर : चोर चालीवरून ओळखावा म्हणतात, कंपाउंडर पट्टीवरून. पाय स्टुलावर घ्या. दुखलं तर सांगा.

कंपाउंडर : दुखायचा प्रश्नच नाही. साखरेनं तळव्याची जाणीव केव्हाच नेली. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

सिस्टर : ते का?

कंपाउंडर : असंच.

सिस्टर : मध्यंतरी ही जखम वाटाण्याएवढी उरली होती. तळातून छान लाल मांस भरत आलं होतं. मी ऑफिसात सांगूनही टाकलं, आता ही केस बंद होणार म्हणून. त्याला पाच आठवडे झाले. साखर तपासली, ठीक. पू नाही, वास नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून पाहिली. आणि आज मी चष्मा पुसून बघतेय तर मला ही कड सरळ दिसतेय. जखमेला सरळ कड नसते, काका.

कंपाउंडर : बुटाची लागली असेल.

सिस्टर : बूट घालून कुठे गेला होतात?

कंपाउंडर : कुठे जाणार.

सिस्टर : मग?

कंपाउंडर : चहा टाकू का? तुम्ही कधी घेत नाही.

सिस्टर : ब्लेड कुठे ठेवता ते सांगा.

कंपाउंडर : … आरशाच्या मागे.

सिस्टर : बरं.

कंपाउंडर : उकळून घेतो. दहा मिनिटं पाण्यात, मग वर स्पिरिट. तेवढं तरी लिहा तुमच्या त्या टॅबच्या पाटीवर.

सिस्टर : लिहिते ना. पेशंट स्वतःचा पाय अतिशय स्वच्छतेनं कापतो.

कंपाउंडर : कापत नाही हो. नवी कातडी धरते तिथे जरा खरवडतो. सोमवारी आणि गुरुवारी.

सिस्टर : मी यायच्या आदल्या दिवशी.

कंपाउंडर : ताजी दिसायला नको का.

सिस्टर : कधीपासून?

कंपाउंडर : तुम्ही म्हणालात तेव्हापासून. दोन ड्रेसिंग झाली की तुम्हीही सुटलात आणि मीही, असं म्हणालात. हसत म्हणालात. मग सांगितलंत, कंपनी पुलापलीकडे नवी शाखा काढतेय, तिथे तुम्हाला मोठ्या जागेवर नेतायत. मी अभिनंदन केलं तुमचं. आठवतं?

सिस्टर : आठवतं. पेढ्याऐवजी खोकल्याची गोळी दिलीत.

कंपाउंडर : घरात गोड तेवढंच होतं. तुम्ही गेलात, मी दार लावलं, आणि कडीला हात लावून तसाच उभा राहिलो. किती वेळ कोण जाणे. मग सोमवार आला.

सिस्टर : मी सहज बोलले होते, काका.

कंपाउंडर : सहजच बोललात. तुमचा काय दोष.

सिस्टर : तुमच्या दवाखान्यात अशा पायांचं काय व्हायचं?

कंपाउंडर : आधी बोट जायचं. मग पाऊल. मग गुडघ्याखालून. एक शिंपी होता, उजव्या पायानं मशीन चालवायचा. अंगठ्यापासून सुरू झालं, आणि वर्षाच्या आत त्याचं दुकान बंद. त्याला मोठ्या रुग्णालयात पोचवायला मीच गेलो होतो. वाटेत मला विचारत होता, डाव्या पायानं शिकता येईल का म्हणून.

सिस्टर : म्हणजे सगळं माहीत आहे.

कंपाउंडर : सगळं.

सिस्टर : आणि मुलाला?

कंपाउंडर : त्याला काय सांगू? तो तर तुमच्याच धंद्यात. त्याच्या कंपनीची माणसं तिकडे परदेशात घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालतात, औषधं देतात. पुढे कुठे कुठे पसरायचं ते हा ठरवतो. मागे आला तेव्हा जेवणाचं ताट बाजूला सारून मला नकाशा दाखवला. म्हणाला, बाबा, जग भराभर म्हातारं होतंय, पुढची वीस वर्षं या धंद्याला मरण नाही. जिथे संधी तिथे हिरवा रंग. मी विचारलं, आपला भाग कुठला? तर राखाडी. म्हाताऱ्यांना तोटा नाही म्हणाला, पण घरं लांब लांब. सिस्टरचा अर्धा दिवस रस्त्यातच जातो, परवडत नाही. म्हणून मग तुमची कंपनी लावून दिली.

सिस्टर : आमचे मोठे साहेब तर सांगून गेले, हा भाग म्हणजे सोन्याची खाण आहे. सगळ्या सिस्टरांना खुर्च्या मांडून बसवलं होतं.

कंपाउंडर : बघा. आणि मी इतकी वर्षं नुसती धूळ झाडत बसलो.

सिस्टर : हसवू नका मला. हात हलतो. … हे बघा, मी पाटीवर खरं लिहिणार आहे. ते लिहिलं की डॉक्टर तुम्हाला आजच भरती करतील, मनाच्या डॉक्टरांनाही बोलावतील, आणि ऑफिसातून मुलाला पत्र जाईल. कुणीतरी परकं माणूस छापील भाषेत त्याला कळवेल. त्यापेक्षा आधी तुम्ही सांगा. आत्ता, मी इथे आहे तोवर.

कंपाउंडर : आणि लिहिलंच नाही तर?

सिस्टर : तर पुढच्या महिन्यात तुमचं बोट जाईल आणि ते मी घालवलेलं असेल.

कंपाउंडर : एक विचारू? जखम भरल्यावर याल कधी? काही काम नसताना?

सिस्टर : येईन म्हणेन, काका, आणि येणार नाही. पुलापलीकडे अठ्ठावीस घरं लिहून दिली आहेत मला. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांचं अंग शेजारीण पुसते. मी दिवसभर दुसऱ्यांची पुसते.

कंपाउंडर : बरं केलंत, खरं सांगितलंत. नाहीतर मी रोज खिडकीत बसलो असतो.

सिस्टर : फोन लावा. आवाज मोठा ठेवा, माझे हात गुंतलेत.

कंपाउंडर : तिकडे आता कामाची वेळ आहे.

सिस्टर : लावा, काका.

मुलगा : हां बाबा, बोला. मीटिंगमध्ये आहे, दोन मिनिटं आहेत. पाय कसा आहे? रिपोर्टमध्ये काही सुधारणा दिसत नाही. मी त्यांना लिहिणारच होतो, सिस्टर बदलून द्या म्हणून.

कंपाउंडर : सिस्टर चांगल्या आहेत. त्यांच्याबद्दल काही लिहू नकोस.

मुलगा : मग जखम भरत का नाही?

कंपाउंडर : भरते. मी भरू देत नाही.

मुलगा : पथ्य पाळत नाही ना? मला वाटलंच होतं.

कंपाउंडर : पथ्य पाळतो. ब्लेडनं उघडतो.

मुलगा : आवाज तुटला, बाबा. काय करता?

कंपाउंडर : नाही तुटला. ऐकलंस तेच.

मुलगा : … का?

कंपाउंडर : मंगळवारी आणि शुक्रवारी कुणीतरी येतं.

(फोनमधून दूरच्या माणसांची बोलणी ऐकू येतात.)

कंपाउंडर : आहेस ना?

मुलगा : आहे. … बाबा, इथे सगळे बसलेत. मी बाहेर येतो. मी बाहेर येईपर्यंत फोन ठेवू नका. ऐकलंत का, ठेवू नका.

कंपाउंडर : नाही ठेवत.

सिस्टर : पट्टी झाली. ब्लेड मी घेतलंय, पाटीवर लिहून डॉक्टरांना पाठवलंही. डॉक्टर पाचच्या सुमाराला गाडी पाठवतील, दोन कपडे पिशवीत भरून ठेवा. मी निघू?

कंपाउंडर : निघा. दार जरा जोरात ओढा, नाहीतर लागत नाही.

सिस्टर : आला का तो बाहेर?

कंपाउंडर : पावलं वाजतायत. मोठी जागा असणार. अजून चालतोच आहे.