खवणीवरचं पाठांतर

सामोआतल्या आपिया शहरात बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या.

“तुझ्या फेतूचं बायबलचं वचन झालं का गं पाठ? परवा मुलांचा रविवार. चर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचंय.”

“नारळ खवताना घडाघडा म्हणते, ताई. खवणीवरून उठली की संपलं!”

“तिथंच बसवून पाठ करून घेतलंस ना? आता अंगण झाडताना म्हणायला लाव, अंघोळ करताना लाव, चर्चच्या वाटेवर लाव.”

“लावते. पण गेल्या वर्षीसारखी मध्येच अडून रडायला लागली तर?”

“तर पहिल्या बाकावरून नारळ खवल्यासारखे हात हलव.”

“अगं, बाकीच्या आया हसतील मला!”

“हसतायत कशाला? त्यांच्याही पोरी आठवडाभर खवणीवरच बसल्यात. तू सुरू कर, सगळ्या हलवतील.”