तिची सारखी आठवण

आमच्या सासूबाईंची गंमत सांगते, पण आधीच हसू नका. माझं लग्न झाल्यापासून त्या इथे सावेडीत माझ्याजवळच असतात. धाकटी जाऊ वर्षा शिर्डीला. कुणी विचारलं की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "मला दोघी सुना सारख्याच." मीही ते खरं धरून चालले होते.

परवा गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले, तर त्या फोनवर वर्षाला सांगत होत्या, "तुजी सारखी आठवन येती गं बाई."

माझं डोकंच फिरलं. गुडघे मी चोळायचे, पथ्याचं मी करायचं, आणि आठवण हिची! संध्याकाळपर्यंत मी नुसती भांडी आपटत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय झालं गं?"

"दोघी सारख्या म्हणता ना, आई? मग सारखी आठवण तिचीच का? माझी येते का कधी?"

"तुजी कशी येईल? तू सारखी समोरच असतीस. आठवन यायला मानूस लांब असावं लागतं. जा की म्हायेरी चार दिस, मग बघ." जरा थांबून म्हणाल्या, "चार लई झाले. दोनच दिस जा."

मी अशी खूश झाले की लगेच बॅग काढली. साड्या भरता भरता लक्षात आलं, मी गेल्यावर सासूबाईंच्या सोबतीला कोण येऊन राहणार? वर्षाच की!

बॅग तशीच माळ्यावर टाकली. म्हटलं, नको मला ती आठवण.