तुरीचे तीन दाणे

(निपाणीजवळचा मळा. फाल्गुनातली दुपार, वाऱ्याला वाळत्या तंबाखूचा वास. ओसरीवर कल्याणी, पुढ्यात तुरीचा डबा आणि सूप. पायरीवर मळ्याचा जुना राखणदार मष्णू, मांडीवर टू-टूची, मागचा बोल्ट सरकवून काडतूस भरायची रायफल, हातात तार. आतल्या खोलीत कल्याणीची तीन वर्षांची सुनंदा झोपलेली.)

मष्णू : पैल्या दिवशीच सांगितलंतं, आक्का. हातात घ्यायच्या आदी नळीत बगायचं. सोता ठेवलेली असली तरी बगायचं.

कल्याणी : आणि मी काय म्हणाले होते, तेही आठवतंय मला. ‘रिकाम्या घरात डोकावून काय बघायचं, आप्पा?’

मष्णू : हसलासा तवा. बी.ए. झालेल्या बाईम्होरं म्या काय बोलनार?

कल्याणी : टोमणे नंतर मारा. आधी सांगा, अडकलंय कशात? काल इतका छान सरकत होता बोल्ट. आज पुढं जातच नाही.

मष्णू : जोर लावलासा?

कल्याणी : थोडा.

मष्णू : थोडा म्हंजे?

कल्याणी : तळहात लाल होईपर्यंत.

मष्णू : आगं माझ्या आई! बसऱ्याच्या लढाईत आमचा हवालदार असला जोर लावणाऱ्याला उनात हुबा करायचा. लोखंड हट्टाला पेटलं तर त्याला इचारायचं, का रं बाबा, काय दुखतंय?

कल्याणी : माझंच काही चुकलं का? तुम्ही सांगितलं तसंच केलं मी. बोल्ट काढून रॉकेलनं धुतला. शिसपेन्सिलीनं काळा केला, चार वेळा मागंपुढं केला, आणि जिथं घासून चकाकलं तेवढंच बारीक पॉलिश कागदानं पुसलं.

मष्णू : बोल्टाच्या तोंडाला हात लावला न्हाईसा न्हवं?

कल्याणी : नाही हो. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. एकच.

मष्णू : आनि घोडा?

कल्याणी : एकदाही ओढला नाही. रिकामी ओढली की नळीचा काठ ठेचतो, पाठ आहे मला. आणि मग तुमचे ते हजार फेरे.

मष्णू : त्येच खरं औशद. घासून निम्मं, फेऱ्यानं निम्मं. मालकांनी कॅम्पातल्या दुकानातनं सगळ्यात सस्ती आनली, म्हंजे बाकीची किंमत आपल्याच मनगटानं भरायची.

कल्याणी : ह्यांना का बोलता? आठवडाभर चिकोडीच्या कचेरीत असतात. पलीकडच्या मळ्यात पिसाळलेलं कोल्हं वासराला चावलं, तेव्हापासून सुनूला मी अंगणात एकटी सोडलेली नाही. आणि बंदूक अशी, की मला बोल्टच उचलता येईना. कोल्हं आलं असतं तर काय पदर झटकून हाकलणार होते?

मष्णू : इंग्रजीत रागावला असता तर पळालं असतं की.

कल्याणी : आप्पा!

मष्णू : बरं, ऱ्हायलं. तार आत शिरली बगा. तुमी बोलत ऱ्हावा, माझा हात नीट चालतो.

कल्याणी : काय बोलू? खरं सांगू, मला ते फेरे आवडायला लागले होते. दहा झाले की तुरीचा एक दाणा बाजूला. शंभर दाणे म्हणजे हजार. सुनू मांडीला डोकं लावून पडायची. वर, मागं, पुढं, खाली. वर, मागं, पुढं, खाली. टिळकवाडीत लहानपणी वारा फिरला की खासबागेतल्या विणकरांच्या मागांचा आवाज यायचा, तसंच वाटायचं. त्या आवाजानं तिचे डोळे मिटायचे, आणि मोजता मोजता माझा हात माझा राहायचाच नाही. काल चाळिसाव्या दाण्यानंतरचं मला काही आठवतच नाही.

मष्णू : डोळा लागला?

कल्याणी : स्वप्न पडलं. बंदूक मांडीवर होती आणि तिला तोंड फुटलं होतं. कुणीतरी दोन चिमुकल्या बोटांनी बोल्टाची मूठ उचलत होतं आणि म्हणत होतं, ‘आ कर. आ कर ना.’

मष्णू : थांबा. सुटलं. हात म्होरं करा.

कल्याणी : हे काय? तूर?

मष्णू : एक. दोन. आनि ह्यो तिसरा. ह्येचं तर तुमच्या जोरानं पीठ झालंय.

कल्याणी : एक चिऊचा.

मष्णू : काय म्हनलासा?

कल्याणी : सुनूला भरवताना मी म्हणते, आप्पा. एक घास चिऊचा, एक काऊचा, एक मनीमाऊचा. तीनच घास. तिनं बंदुकीला भरवलंय. ते स्वप्न नव्हतं.

मष्णू : पर त्या एवढ्याशा जिवानं बोल्ट उचलला कसा? तुमास्नी उचलत न्हवता.

कल्याणी : तो गेल्या महिन्यात.

मष्णू : ...व्हय की.

कल्याणी : घट्ट होता, तेच कुलूप होतं. मी रोज इथं बसून, दाणे मोजून ते उघडलं.

मष्णू : असं बोलू नगा. तूर हाय ती. काडतुसं कुठं ठेवलाय?

कल्याणी : ह्याच डब्यात. तळाला, पुरचुंडीत. हे म्हणाले, चोर सगळं घर धुंडाळेल, पण तुरीत हात घालणार नाही.

मष्णू : चोर न्हाय घालायचा. वता सगळं सुपात.

कल्याणी : रोज दिवेलागणीला मोजते मी. त्रेचाळीस. पन्नासातली सात ह्यांनी माळावर उडवून बघितली होती. काल तेवढी मोजली नाहीत. डोकं जड झालं होतं.

मष्णू : वता.

कल्याणी : गाठ सैल आहे, आप्पा.

मष्णू : तुमीच सैल बांधली असंल. मोजा. म्या बी मोजतो.

कल्याणी : ...चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस.

मष्णू : पुन्ना.

कल्याणी : बेचाळीस.

मष्णू : डब्याच्या कोपऱ्यात बगा.

कल्याणी : बघितलं. हात घालून बघितलं. रिकामा आहे.

मष्णू : नळीत बी न्हाय, ह्यो बगा, आरपार उजेड दिसतोय. बंदूक माझ्यापाशी हाय, तवा घाबरू नगा. पोर कुटं हाय?

कल्याणी : आत. आज फेऱ्यांचा आवाज नव्हता, तरी लगेच झोपली. मूठ मिटून, गालाखाली घेऊन. मला वाटलं, तुरीचा दाणा असेल. सोडवून घ्यावा की नको, म्हणत उभी राहिले, आणि पांघरूण घालून बाहेर आले.

मष्णू : मंग चला की आत.

कल्याणी : तुम्ही जा ना. पावलं वाजवू नका, दचकेल ती. हळूच तिची मूठ उघडून बघा, आणि काय आहे ते मला इथूनच सांगा.